डावीकडे ओढणारी पिकअप

आमच्या धंद्यात एक रिवाज आहे. गाडीचा जुना पार्ट काढला, की तो गिऱ्हाइकाला परत द्यायचा. नव्या पार्टच्या खोक्यात जुना घालायचा आणि सीटखाली ठेवायचा. गिऱ्हाइकाला त्या लोखंडाचं काही करायचं नसतं. पण ते दिलं नाही, तर घरी गेल्यावर त्याला झोप लागत नाही. मिस्त्रीनं खरंच बदललं, की नुसतं फडकं मारून दिलं, असा किडा डोक्यात वळवळत राहतो. एका गिऱ्हाइकानं जुन्या ब्रेक ड्रमची चूल केलेली मी पाहिली आहे. एकानं क्लच प्लेट देव्हाऱ्यामागे भिंतीला टांगली होती, का ते त्यालाही सांगता आलं नाही.

मी हमीद मिस्त्री. नांदेडला लातूर रोडला माझं गॅरेज आहे. आता मुलगा बघतो आणि मी खुर्चीवर बसून त्याच्या चुका काढतो. दिवाळी अंकवाल्यांनी गॅरेजमधल्या गमती लिहा म्हणून सांगितलं. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की मला गोविंदरावांची पिकअपच आठवते, आणि ती काही गंमत नाही.

आधी थोडं धंद्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाडी उघडली की ड्रायव्हर कळतो. क्लचवर पाय ठेवून चालवणारा, उतारावर बंद करून डिझेल वाचवणारा, घरी भांडून आला की ब्रेकवर राग काढणारा, सगळे आम्हाला लोखंडात दिसतात. माणूस खोटं बोलतो, पण त्याच्या सवयीनं गाडी झिजते आणि ती झीज काही लपत नाही.

पूर्वी भरलेल्या गाडीचं स्टिअरिंग फिरवायला पैलवान लागायचा. मग पॉवर स्टिअरिंग आलं. त्यात दोन मुख्य गोष्टी. एक पंप. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि तेल जोरात ढकलतो. दुसरी म्हणजे स्टिअरिंग बॉक्स. त्याच्या आत एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो तेल डावीकडे पाठवायचं की उजवीकडे ते ठरवतो. मी पोरांना शिकवताना सांगतो, पंप म्हणजे ताकद आणि व्हॉल्व्ह म्हणजे अक्कल. आणखी एक सांगतो. स्टिअरिंग एका बाजूला शेवटपर्यंत फिरवून तसंच धरून ठेवू नका. तेलाला जायला वाट राहत नाही, पंप कण्हायला लागतो. रोज असं केलं तर पंप मरतो.

गोविंदराव कंधारच्या पलीकडच्या एका खेड्यातले. स्वतःच्या शेतातला आणि गावातल्या चार जणांचा भाजीपाला घेऊन रोज नांदेडच्या बाजारात यायचे. उंच माणूस, पांढरी टोपी, बोलणं मोजकं. त्यांच्या पिकअपचा पंप कण्हायचा. लांबून, वळण घेताना, घशात काही अडकलेल्या माणसासारखा आवाज यायचा. पंपाला गळतीही होती. मी त्यांना दर वेळी म्हणायचो, "गोविंदराव, पंप बदला. आणि स्टिअरिंग डावीकडे फुल फिरवून उभं राहायची सवय सोडा. कुठं उभे राहता एवढे?"

ते फक्त हसायचे. एकदा म्हणाले, "राहू द्या मिस्त्री, आवाज असू द्या. आवाजावरून वळखू येते गाडी."

मी म्हणालो, "अख्खा बाजार तुम्हाला तोंडावरून ओळखतो की." त्यावरही ते हसले आणि पंपाच्या डबीत तेल भरून घेऊन निघून गेले. गाडी डिझेल फार खाते अशी त्यांच्या घरच्यांची तक्रार होती. मी दोनदा सगळं तपासलं. इंजिनात काही दोष नव्हता.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी गोविंदराव शेतात बसल्या बसल्या गेले. हार्टफेल. मला आठवड्यानं कळलं. पिकअप त्यांच्या गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी राहिली ती वर्षभर. मुलगा बालाजी लातूरला एका दुकानात कामाला होता. यंदा त्यानं ठरवलं, नोकरी सोडायची, शेती आणि गाडी बघायची. वर्षश्राद्ध दोन आठवड्यांवर आलं होतं, सामान आणायचं होतं, म्हणून गाडी ट्रॅक्टरमागं बांधून माझ्याकडे आणली. स्टिअरिंग दगड झालं होतं. तेल सगळं गळून गेलेलं. पंप मी त्याच दिवशी उतरवला, हातानं फिरवून पाहिला, आत सगळं झिजून गेलं होतं. तो खोक्यात घालून फळीवर ठेवला. नवा पंप नांदेडात मिळेना, लातूरहून मागवला. तो येईपर्यंत गाडी माझ्याकडे पंपाशिवाय उभी होती. पुढच्या गोष्टीसाठी हे लक्षात ठेवा.

नवा पंप आला त्या दिवशी बालाजी सकाळीच आला. सोबत त्याची आई होती, सुभद्रावहिनी. बाजारात श्राद्धाची भांडी बघायची होती म्हणून आल्या होत्या. त्यांना मी लिंबाखाली खुर्ची दिली, पाणी दिलं. गोविंदरावांच्या माघारी मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. कपाळ मोकळं. पाहवत नव्हतं, म्हणून मी कामाला लागलो.

काम तसं सोपं. पंप बसवायचा, पाईप जोडायचे, पट्टा ताणायचा, नवं तेल भरायचं. मग पुढची चाकं जॅकवर उचलून तेलातली हवा काढायची. मी आत बसून गाडी चालू केली, स्टिअरिंग दोनचार वेळा इकडून तिकडे फिरवलं, मधोमध सरळ केलं आणि तेलाची डबी बघायला खाली उतरलो.

आत कोणी नव्हतं. बालाजी माझ्याशेजारी उभा होता. आणि स्टिअरिंग फिरायला लागलं.

झटका वगैरे काही नाही. आत बसून कोणी सावकाश गाडी वळवतंय तसं, एकसारखं, डावीकडे. चाकंही हवेतल्या हवेत डावीकडे वळत गेली. शेवटाला गेली, थांबली, आणि नवा पंप कण्हायला लागला. अगदी तोच आवाज. गोविंदरावांच्या गाडीचा.

लिंबाखालून वहिनी उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा करत त्या गाडीजवळ आल्या, रिकाम्या सीटकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "आले म्हणायचे."

मी घाबरलो. खोटं कशाला सांगू? लहानपणी आमची अम्मी म्हणायची, भर दुपारी झाडाखाली एकटं बसू नये. मी कधी ऐकलं नाही. गॅरेजवाल्याला भुताला भ्यायला सवड नसते, आणि एखादं भूत आलंच तर तेही घासाघीस करणार. पण त्या क्षणी पाना माझ्या हातातून खाली पडला होता.

मग डोकं ताळ्यावर आलं. इंजिन बंद केलं आणि वहिनींना समजावलं. "वहिनी, हे व्हॉल्व्हचं काम आहे. तो एका बाजूला झिजलाय. अक्कल डावीकडे झुकली होती, पण पंपात ताकदच नव्हती म्हणून दिसत नव्हतं. आता नवा पंप बसला, ताकद आली, म्हणून फिरतंय. स्टिअरिंग बॉक्स बदलला की सरळ होईल."

"बदलू नका."

"अहो, अशी गाडी रस्त्यावर नेता येत नाही. पोरगा चालवणार आहे तुमचा. हात जरा ढिला पडला की खड्ड्यात."

"त्यायला काहीतरी सांगायचं हाय, हमीदभाई. ते सांगू द्या. मंग बदला."

बालाजी चिडला. "माय, मशीन हाय ती. अण्णा न्हाईत."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या माझ्याशीच बोलत होत्या. तेव्हा मला त्यांच्या घरातली गोष्ट कळली. गोविंदरावांना बालाजीहून मोठी एक मुलगी होती, शोभा. कॉलेजला असताना तिनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं. गोविंदरावांनी सगळ्यांसमोर आण घातली. या घरात तिचं नाव घ्यायचं नाही, मी मेलो तरी तिला बोलवायचं नाही. वर्षं गेली. कोणी नाव घेतलं नाही. ती मुदखेडला राहते, एवढंच वहिनींना उडत उडत कळलेलं.

"मयताला मी बोलावलं न्हाई तिला," वहिनी म्हणाल्या. "बापाचं तोंड शेवटी दिसलं न्हाई लेकराला. आता वर्षश्राद्ध आलंय. बोलवावं तर त्यायची आन मोडते. न बोलवावं तर माझा जीव ऱ्हात न्हाई. वरीस झालं, रोज फोटोला इचारून राहिले. काय करू? सांगा की. एक न्हाई, दोन न्हाई. आज पहिल्यांदा काहीतरी हाललंय, आन् तुम्ही म्हंता बदलतो."

समोर बाई रडत नव्हती, हीच पंचाईत होती. रडणाऱ्या माणसाला काहीतरी बोलता येतं.

"मग काय करायचं म्हणता?"

"गाडी चालवा. तिला जायाचं तिकडं जाऊ द्या."

मी तयार झालो. माझा हेतू साधा होता. एक चक्कर मारायची, ही गाडी फक्त डावीकडच्या खड्ड्यात जाते हे त्यांना दाखवायचं, म्हणजे मनातलं खूळ जाईल. बालाजीच्या हातात मी स्टिअरिंग दिलं नाही. मी चालवायला, मधे बालाजी, दाराशी वहिनी. जुन्या पंपाचं खोकं मी रिवाजाप्रमाणे आत ठेवलं, ते त्यांनी मांडीवर घेतलं.

दुपार टळटळीत होती. रस्त्यावर माणूस नाही, डांबरावरून वाफा निघत होत्या. गाडी मी अगदी हळू चालवत होतो. स्टिअरिंग सारखं डावीकडे ओढत होतं आणि मी ते सारखं उजवीकडे धरत होतो. सरकारी रोड रोलरच्या वेगानं आमची वरात चालली होती. बायपासला आलो. पुढे मुदखेडचा फाटा होता. मी म्हणालो, "हे बघा वहिनी, आता मी हात सैल सोडतो. गाडी कडेला उतरते की नाही बघा."

बोटं सैल सोडली. गाडी कडेला उतरली नाही. ती फाट्याला वळली.

"फाटा डावीकडेच आहे," मी म्हणालो. "डावीकडे ओढणारी गाडी डावीकडच्याच रस्त्याला लागणार." वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या हिकडंच."

मुदखेड येईपर्यंत मी मनाशी हिशोब मांडत होतो. गाडी रोज नांदेडला बाजारात, तिथून घरी. मग डिझेल कुठं जात होतं? हा प्रश्न मला पूर्वी का पडला नाही? मी इंजिन तपासत बसलो होतो.

गावात शिरल्यावर मी पुन्हा हात सैल केले. एक डावं वळण. मग अरुंद गल्ली. पुन्हा डावं. मी ब्रेकवर पाय ठेवून होतो, एवढंच. एका ठिकाणी उजवीकडे मोठा रस्ता होता, गाडीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. व्हॉल्व्ह झिजला की असंच होणार, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होतो. रेल्वेच्या रुळाच्या अलीकडे एक उतार लागला. दोन्ही बाजूंना बैठी घरं, दारं लावलेली, कुत्रंसुद्धा बाहेर नव्हतं. उताराच्या मध्यावर स्टिअरिंग माझ्या हाताखालून निघून गेलं, थेट शेवटपर्यंत डावीकडे. पुढचं चाक कडेच्या एका दगडाला टेकलं आणि गाडी थांबली. पंप कण्हायला लागला.

मी इंजिन चालू ठेवूनच खाली उतरलो. दगड बघितला. टायर घासून घासून तो खोलगट झाला होता आणि काळा चकचकीत पट्टा पडला होता. मी खाली वाकलो. इंजिनाखाली, जिथं जुना पंप गळायचा बरोबर त्याच्या खाली, जमिनीवर तेलाचा काळा डाग होता. ताटाएवढा. एका दिवसात पडतो तसला तो नव्हता, थेंबावर थेंब वर्षानुवर्षं पडून मातीचा दगड झाला होता.

आता मला सगळं कळलं. गोविंदरावांच्या गाडीचा हँडब्रेक कधीच धड नव्हता. असा माणूस उतारावर गाडी उभी करायची तर चाक वळवून दगडाला टेकवतो आणि स्टिअरिंग तसंच दाबून धरतो. इंजिन चालू. पंप कण्हतोय. रोज बाजार झाला की गोविंदराव इथं येऊन असे उभे राहत होते. त्या धरण्यानंच पंप मेला होता आणि व्हॉल्व्ह डावीकडे झुकला होता. समोर एक निळ्या दाराचं घर होतं. दार बंद होतं.

मी वहिनींच्या खिडकीशी गेलो. "वहिनी, गोविंदराव रोज इथं यायचे," म्हणालो. "आण त्यांनीच मोडली होती. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही त्यांना." डाग दाखवला, दगड दाखवला. त्या बघत राहिल्या.

निळं दार काही उघडलं नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे घरात कोणी होतं. दारात एवढी कण्हणारी गाडी उभी आणि कोणी डोकावूनही बघेना. मला ते फार विचित्र वाटलं. शेवटी बालाजी म्हणाला, "चाचा, बंद करा तो आवाज, ऐकवंना." मी हात आत घालून किल्ली फिरवली.

आवाज थांबला. आतला भांड्यांचा आवाजही थांबला. मग पावलं धावत आली आणि दार धाडकन उघडलं.

"अण्णा! गाडी का बंद केली? काय झालं?"

दारात शोभा उभी होती. गोविंदरावांसारखीच उंच. हात राखेनं भरलेले. तिनं आधी मला पाहिलं, मग बालाजीला, मग खिडकीतून आईचं मोकळं कपाळ पाहिलं. ती तिथंच उंबऱ्यावर खाली बसली.

वहिनी खोकं सीटवर ठेवून उतरल्या आणि लेकीजवळ जाऊन बसल्या. बराच वेळ दोघी एकमेकींना नुसत्या धरून होत्या. मी आणि बालाजी रुळाकडे तोंड करून उभे राहिलो. बालाजीचा खांदा हलत होता, मी त्याच्यावर हात ठेवला.

मग शोभा बोलायला लागली. लग्नानंतर वर्षानं अण्णा पहिल्यांदा इथं आले. आवाज ऐकून ती धावत बाहेर गेली, तर ते गाडी काढून निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. या वेळी ती बाहेर गेली नाही. ते उभे राहिले. तेव्हापासून तिला कळून चुकलं.

"मी भाईर आले की ते जातात. मंग मी येतच न्हाई भाईर. आतूनच ऐकते. खिडकीतून बी डोकावत न्हाई. ऐकू येतं तंवर बरं वाटतं."

"आन् ते गेले ते तुला कुणी कळवलं न्हाई?" वहिनींनी विचारलं.

"फोन आला व्हता एका गाववाल्याचा. अण्णा वारले म्हणून. मला वाटलं, मी अण्णांचा नाद सोडावा म्हणून कोणी खोटं बोलून राहिलं."

"खोटं कसं वाटलं गं तुला?"

शोभानं आमच्याकडे पाहिलं, जणू आम्हीच काहीतरी वेड्यासारखं विचारत होतो.

"गाडी तर रोज येते की, माय. काल बी आली व्हती."

बालाजीनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. वर्षभर गाडी पत्र्याखाली होती. काल ती माझ्या गॅरेजात ठोकळ्यांवर उभी होती, आणि तिचा पंप खोक्यात घालून माझ्या फळीवर ठेवला होता. नवा अजून लातूरहून निघायचा होता. व्हॉल्व्हचं मी समजावू शकत होतो. दगडाचं, डागाचं, डिझेलचं समजावू शकत होतो. याचं मला काही समजावता आलं नाही, आजही येत नाही.

वहिनींनी मला गाडीतलं खोकं आणायला सांगितलं. जुना पंप काढून त्यांनी शोभाच्या हातात दिला. "ह्याचाच आवाज येत व्हता," म्हणाल्या. शोभानं तो मांडीवर घेतला, पट्ट्याच्या पुलीवरून बोटं फिरवली, मग ती हातानं गरगर फिरवली. आवाज काहीच आला नाही. आत तेल नव्हतं.

"एकदा तरी भाईर येऊन बघायला पायजे व्हतं मी," ती म्हणाली.

"तू भाईर आली असतीस," वहिनी म्हणाल्या, "तर ते कवाच गेले असते."

वर्षश्राद्धाला शोभा आली. जावईही आला, पंगतीत माझ्याशेजारीच जेवायला बसला होता. स्टिअरिंग बॉक्स मी त्याआधीच बदलून दिला. नवा बॉक्स बसल्यावर गाडी चालू करून मी मुद्दाम खाली उतरलो आणि किती तरी वेळ रिकाम्या सीटकडे बघत उभा राहिलो. स्टिअरिंग जागचं हललं नाही. मला हायसं वाटायला पाहिजे होतं, पण तसं वाटलं नाही.

जुना बॉक्स मी बालाजीला परत दिला. जुना पंप मुदखेडलाच राहिला. बालाजी आता बाजार झाला की बहिणीकडे जातो. गाडी बंद करून आत जाऊन चहा पितो, हँडब्रेक मी नीट करून दिला आहे. एकदा सर्व्हिसिंगला आला तेव्हा मी त्याला विचारलं, शोभाला अजून तो आवाज येतो का.

"त्या दिवसापासून न्हाई आला," तो म्हणाला. मग त्यानं बोनेटवर हात ठेवला. "चाचा, तिनं मला इचारलं, जुना पंप परत बसवता येतो का म्हणून."